रेकॉर्डची दुसरी बाजू : पुनर्विकासात भंगारात चाललेल्या गाण्यांचं काय?

दिंडोशीत आमच्या शेजारच्या बिल्डिंगचा पुनर्विकास एकदाचा मार्गी लागला. घरं रिकामी करायची तारीख आली आणि पुढचे पंधरा दिवस गेटबाहेर टेम्पोंची रांग लागली. कपाटं, शिलाई मशिनं, पितळेचे डबे. तळमजल्यावरच्या आजोबांनी एक पत्र्याची पेटी बाहेर काढून ठेवली होती. आत पन्नास-साठ रेकॉर्ड. भंगारवाल्याने एक उचलून वाकवून बघितली आणि म्हणाला, "प्लास्टिकच्या भावात घेतो. ही जुनी जड वाली नको, फुटतात."

आजोबा मला म्हणाले, "तुला हवं तर बघ बाई. नाहीतर जाऊ दे त्याच्याबरोबर."

मी बघितलं. जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डची एक बाजू घासून राखाडी झालेली होती आणि दुसरी बाजू काळीभोर, चकचकीत. म्हणजे घरात एकच बाजू पुन्हा पुन्हा वाजली. दुसरी बाजू आणली त्या आठवड्यात एखाद-दोनदा वाजली असेल, त्यानंतर नाही.

याच दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'बी-साइड' म्हणतात. आज जगभर विनाइल रेकॉर्डची फॅशन परत आलीय, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळालाय आणि मुंबईची उपनगरं पाडून नव्याने बांधली जातायत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असताना या दुसऱ्या बाजूच्या गाण्यांचं नेमकं काय होतंय, ते समजून घेऊ.

आधी बेसिक : रेकॉर्डला दोन बाजू आल्या कुठून?

सुरुवातीच्या रेकॉर्डला एकच बाजू होती. भारतात १९०२ साली ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला, तेव्हाच्या तबकड्या अशाच एका बाजूच्या होत्या. पुढे १९०४ च्या सुमारास जर्मनीच्या ओडियन कंपनीने दोन्ही बाजूंना गाणं असलेली तबकडी बाजारात आणली. गिऱ्हाइकाला एका तबकडीत दोन गाणी मिळू लागल्यावर बाकीच्या कंपन्यांनाही तेच करावं लागलं.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. मराठी भावगीताचं, नाट्यपदाचं, लावणीचं जे तीन-साडेतीन मिनिटांचं माप आपल्या कानात बसलंय, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. ही तबकडी प्लास्टिकची नव्हती, लाखेची होती. म्हणून ती जड असते आणि हातातून पडली की फुटते. आमच्या भंगारवाल्याची तक्रार तीच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर विनाइल आलं. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबियाने मोठी, मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी आणली आणि १९४९ मध्ये आरसीएने छोटी, ४५ फेऱ्यांची सिंगल. पुढे आपल्याकडेही सात इंची छोट्या रेकॉर्ड घरोघरी आल्या. काहींवर दोन गाणी, तर 'ईपी' म्हटल्या जाणाऱ्यांवर दोन्ही बाजूंना मिळून बहुतेक वेळा चार. लाखेच्या तबकड्या मात्र आपल्याकडे बराच काळ टिकल्या. इतक्या की बीटल्सची सुरुवातीची गाणीसुद्धा भारतात ७८ च्या तबकडीवर निघाली. त्या तबकड्या आज परदेशी संग्राहक शोधत असतात.

बी-साइड म्हणजे नेमकं काय?

परदेशात गणित सरळ होतं. कंपनीला जे गाणं चालवायचं ते 'ए' बाजूला. रेडिओला सांगायचं की हेच वाजवा. मागची बाजू रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे उरलेलं काहीतरी टाकायचं. अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टर तर मागच्या बाजूला मुद्दाम कामचलाऊ वाद्यसंगीत टाकायचा. रेडिओवाल्याने चुकूनही रेकॉर्ड उलटी करू नये, हा हेतू.

यात पैशाचाही खेळ होता. रेकॉर्ड विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकार-संगीतकाराला मानधनाचा सारखाच वाटा. गिऱ्हाइकाने पैसे पुढच्या गाण्यासाठी दिलेले असले, तरी मागच्या गाण्याची कमाई सुरूच. म्हणून कितीतरी निर्माते स्वतःच्या नावावरचं गाणं मागे चिकटवून द्यायचे.

पण लोकांनी अनेकदा कंपनीचं ऐकलं नाही. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ मध्ये बी-साइड म्हणूनच आलं होतं. पुढच्या वर्षी ते एका सिनेमात वाजलं आणि जगभर गेलं. क्वीनचं 'वी विल रॉक यू', जे आज आयपीएलच्या मॅचपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे वाजतं, तेही १९७७ मध्ये 'वी आर द चॅम्पियन्स'च्या मागच्या बाजूला होतं. ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह'ही बी-साइडच. डिस्कोतल्या डीजेंनी रेकॉर्ड उलटी केली म्हणून ते जगाला कळलं.

म्हणजे मागच्या बाजूचं गाणं हलकं असतं असं नाही. ते मागे आहे, एवढंच.

आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे 'ए' आणि 'बी' असा भेद कागदावर फारसा ठळक नव्हता. सिनेमाच्या तबकडीवर दोन्ही बाजूंना सिनेमाचीच गाणी असायची. लांबलचक पोवाडा किंवा कीर्तन असेल तर एका बाजूला भाग पहिला, दुसऱ्या बाजूला भाग दुसरा. पण व्यवहारात एक बाजू पुढे जायचीच. ते ठरवायचा रेडिओ. आकाशवाणी मुंबईच्या 'आपली आवड' किंवा 'कामगार सभा'मध्ये जे गाणं लागलं, तेच दुसऱ्या दिवशी दुकानात मागितलं जायचं.

कधीकधी दोन्ही बाजू जिंकायच्या. सगळ्यात गोड उदाहरण म्हणजे 'गोरी गोरी पान' आणि 'एका तळ्यात होती'. गीतकार ग. दि. माडगूळकर, संगीत श्रीनिवास खळे, आवाज आशा भोसले. खळे तेव्हा अगदी नवे होते. ही गाणी मुळात 'लक्ष्मीपूजन' नावाच्या सिनेमासाठी केलेली होती आणि ती संधी हुकल्यावर १९५२ च्या सुमारास एचएमव्हीच्या तबकडीवर आली, असं खळ्यांच्या कारकिर्दीबद्दल नेहमी सांगितलं जातं. एका गाण्यात दादाकडे वहिनी मागणारी बहीण, दुसऱ्यात अँडरसनच्या कुरूप पिल्लाची गोष्ट. आज सत्तर वर्षांनंतरही बालवाडीच्या स्नेहसंमेलनात दोन्ही वाजतात. इथे बी-साइड कोणती, हे कुणी सांगू शकणार नाही.

पण हा अपवाद. आता एक विसरलेलं उदाहरण घ्या. मोहम्मद रफींनी इंग्रजी पॉप गाणी गायली होती, हे किती जणांना माहितीय? शंकर-जयकिशन यांच्याच दोन गाजलेल्या चाली घेतल्या, 'सूरज'मधलं 'बहारों फूल बरसाओ' आणि 'गुमनाम'मधलं 'हम काले हैं तो क्या हुआ'. त्यावर हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांनी इंग्रजी शब्द लिहिले आणि रफी ते गायले. मूळ हिंदी गाणी आजही लग्नाच्या बँडला पाठ आहेत. इंग्रजी जोडगोळी मात्र संग्राहकांच्या कपाटात राहिली.

आणि एक परत आलेलं उदाहरण शेजारच्या गोव्यातलं. क्रिस पेरींच्या चाली आणि लोर्नांचा आवाज असलेली कोंकणी पॉप गाणी छोट्या रेकॉर्डवर घराघरात पोहोचली होती. नंतर ती जुन्या पिढीच्या आठवणींत जमा झाली. बार्डरॉय बार्रेटोंच्या 'नाचुंया कुंपासार' या सिनेमाने तीच गाणी पुन्हा उभी केली. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ज्यांचा जन्म कॅसेटच्या काळात झाला ती मुलंही ती गाणी शोधू लागली. गाणी ऐकायची बाकी होती आणि कुणीतरी ती जपून ठेवलेली होती, म्हणून हे जमलं.

मग आता सगळं यूट्यूबवर आहेच ना?

हा प्रश्न मला घरच्यांनीच विचारला. उत्तर आहे, नाही.

स्ट्रीमिंग ॲपवर गाणं येण्यासाठी तीन गोष्टी लागतात. मूळ मुद्रण शिल्लक असावं लागतं, त्याचा मालक कोण हे माहीत असावं लागतं आणि त्या मालकाला ते अपलोड करण्यात फायदा दिसावा लागतो. एचएमव्हीचा खजिना आज सारेगामा कंपनीकडे आहे. तिने २०१७ मध्ये 'कारवां' नावाचा रेडिओसारखा प्लेअर काढून जुनी गाणी नव्याने विकून दाखवली. त्यात गैर काही नाही. पण अशा पेटीत काय जातं? जे आधीच गाजलेलं आहे ते.

ज्या कंपन्याच बंद पडल्या, त्यांचं तर आणखी अवघड. मुंबईतलंच उदाहरण आहे. 'यंग इंडिया' नावाचं रेकॉर्ड लेबल १९३५ ते १९५५ या काळात इथून चालायचं. मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या, अशा नव्या आणि हौशी कलाकारांच्या हजारो तबकड्या त्यांनी काढल्या. कंपनी गेली आणि तिच्या गाण्यांना वाली उरला नाही. त्यातला काही भाग वाचला तो संग्राहकांमुळे. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेच्या सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यात आलेल्या संग्रहांसाठीच्या कार्यक्रमातून या लेबलच्या तबकड्यांचं डिजिटायझेशन केलं. आपल्या शहरातलं संगीत वाचवायला निधी लंडनहून आला, हे लक्षात ठेवा.

दुसरा घोळ नावांचा. १९४९ च्या 'महल'च्या पहिल्या तबकडीवर 'आएगा आनेवाला'ची गायिका म्हणून 'कामिनी' हे सिनेमातल्या पात्राचं नाव छापलं होतं. लता मंगेशकर हे नाव नव्हतंच. इतक्या मोठ्या गाण्याचं असं होऊ शकतं, तर कमी ऐकलेल्या गाण्याचा गीतकार कोण, पेटीवर कोण, हे कुठे शोधणार? अनेकदा त्याचा एकमेव पुरावा म्हणजे रेकॉर्डच्या मधला तो गोल कागद. ॲपवर तर गीतकाराची जागा कितीदा रिकामीच असते.

कायदा काय सांगतो?

इथे थोडं नीट बघूया, कारण सोशल मीडियावर यावर खूप गोंधळ आहे.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा हक्क संपायची वेळ आली, त्या निमित्ताने १९९२ मध्ये ती १० वर्षांनी वाढवली. त्यामुळे दर १ जानेवारीला एका वर्षाची मुद्रणं मोकळी होतात. १९६५ मध्ये निघालेल्या रेकॉर्ड १ जानेवारी २०२६ ला मोकळ्या झाल्या.

पण थांबा. मोकळं झालं ते मुद्रण, गाणं नाही. गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. शब्दांचा, चालीचा आणि मुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या-त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

'गोरी गोरी पान'चंच गणित करून बघा. तबकडी १९५२ ची धरली, तर मुद्रणाचा हक्क २०१२ च्या अखेरीस संपला. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३७ संपेपर्यंत बंद. खळेकाका २०११ मध्ये गेले, म्हणजे चाल २०७१ संपेपर्यंत बंद. एकाच गाण्याच्या तीन कुलपांपैकी एक उघडलंय, दोन बाकी आहेत. त्यात ब्रिटन आणि युरोपीय संघात मुद्रणाची मुदत ७० वर्षांची. त्यामुळे 'साठ वर्षं झाली, आता सगळं फुकट' असं सांगणारी रील दिसली तर शेअर करू नका.

हे हक्क उगाच नाहीत. १९६० च्या दशकात लता मंगेशकर आणि रफी यांच्यात गायकाला रॉयल्टी मिळावी की नाही, यावरून इतकं बिनसलं की काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं थांबवलं. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊनही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद व्हायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. मागच्या बाजूला लिहिणाऱ्या माणसाच्या वारसालाही दोन पैसे मिळावेत, ही मागणी रास्तच आहे.

मग अडतं कुठे? अडतं ते मालक सापडत नाही तिथे. अशा वेळी परवान्यासाठी अर्ज करायची सोय कायद्यात आहे, कलम ३१-अ. पण ज्या गाण्यातून कमाई होणार नाही, त्यासाठी कोर्टकचेरीची पायरी कोण चढेल?

कायद्यातली दुर्लक्षित खिडकी

माझ्या मते खरी महत्त्वाची तरतूद वेगळीच आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर एखाद्या विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची मूळ, बिगर-डिजिटल प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. यासाठी हक्क संपायची वाट बघावी लागत नाही.

यातली अट नीट वाचा. मूळ प्रत हातात असेल तर. म्हणजे रेकॉर्ड भंगारात गेली की ही खिडकीही बंद झाली.

आणि मूळ प्रत कुठे असणार? पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्यायच्याच. सिनेमासाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. रेकॉर्डसाठी मात्र 'एक प्रत सरकारजमा करा' असा कायदा नव्हता. त्यामुळे जे छापलं गेलं, त्याची पूर्ण यादीसुद्धा एका जागी नाही. मराठी रेकॉर्डचं सगळ्यात मोठं संग्रहालय कुठलं असेल, तर ते आपली जुनी घरं. गिरगावातल्या खोल्या, दादरच्या इमारती, गोरेगाव-मालाड-बोरिवलीचे म्हाडाचे ब्लॉक. आणि नेमकी तीच आता पाडली जातायत. एकट्या गोरेगाव पश्चिमेच्या मोतीलाल नगरचा पुनर्विकास १४३ एकरांवर आहे.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. चाळीस वर्षं गळक्या छताखाली राहिलेल्या माणसाला 'रेकॉर्ड जपा' असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही. ट्रान्झिटच्या छोट्या घरात पत्र्याची पेटी मावत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणूनच हे काम एकट्या घरावर टाकून चालणार नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हापासून ताम्रपट, शिलालेख, पोथ्या यांच्या जतनाबद्दल बोललं जातंय. चांगलंच आहे. पण विसाव्या शतकातली मराठी ऐकू येते ती रेकॉर्डवर. लावणीतली, कोळीगीतातली, भीमगीतातली, शाहिरीतली मराठी. राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत. प्रत्येक तालुक्यात, मुंबईत प्रत्येक वॉर्डात एका ग्रंथालयाने 'रेकॉर्ड इथे आणून द्या' असा फलक लावला, तरी निम्मं काम होईल. डिजिटायझेशन पुढे सावकाश करता येतं. आधी वस्तू वाचली पाहिजे.

विनाइल परत आलंय, त्याने फरक पडेल?

थोडा. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल रेकॉर्डची विक्री १९८७ नंतर पहिल्यांदाच सीडीपेक्षा जास्त झाली, ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. आपल्याकडे २०१६ मध्ये काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं तेव्हा सगळं संपल्यासारखं वाटलं होतं. पण २०२४ मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड छापणारा कारखाना सुरू झाला. मात्र नव्याने छापलं जातं तेही गाजलेलंच. शिवाय जुन्या मालाला भाव आल्यामुळे विक्रेते हिंदी सिनेमाच्या एलपी उचलतात आणि मराठी, कोंकणी छोट्या रेकॉर्ड तशाच सोडून जातात. फॅशन आली म्हणून दुसरी बाजू आपोआप वाचणार नाही.

तुमच्या घरात पेटी असेल तर?

• टाकण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलचे फोटो काढा. गायक, गीतकार, संगीतकार, रेकॉर्ड नंबर दिसला पाहिजे. लेबलजवळ काळ्या भागात कोरलेला नंबरही टिपा.
• जड, लाखेच्या रेकॉर्ड स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. मऊ कोरडा कपडा किंवा ब्रश पुरतो.
• रेकॉर्ड एकावर एक रचू नका, वह्यांसारख्या उभ्या ठेवा.
• ७८ ची रेकॉर्ड एलपीच्या सुईवर वाजवू नका. तिची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते.
• स्वतःच्या ऐकण्यासाठी डिजिटल प्रत करायला हरकत नाही. इंटरनेटवर टाकायच्या आधी वरचं तीन कुलपांचं गणित करा.
• आणि विकणार असाल तर किलोवर विकू नका. आधी जवळच्या ग्रंथालयाला, संग्राहकाला विचारा.

आजोबांची पेटी सध्या माझ्या पलंगाखाली आहे. सगळ्या लेबलांचे फोटो काढून झालेत. प्लेअर नाही, म्हणून एका ओळखीच्या संग्राहकाकडे नेऊन सहा रेकॉर्ड उलट्या करून ऐकल्या. त्यातल्या दोन गाण्यांची नावं मला इंटरनेटवर कुठेच सापडली नाहीत. आजोबांना फोनवर ती ऐकवली. पहिलं ऐकून ते म्हणाले, "हे आमच्याकडे होतं?"